सहीचे सोवळे

गेल्या दिवाळीत डोंबिवलीला मावशीकडे फराळाला गेलो होतो. चकलीचा तुकडा मोडता मोडता मावशीने एकदम विचारले, "अरे, इतकी वर्षे ऐकते आहे, पण तू नक्की करतोस तरी काय? इंजिनियर म्हणावे, तर तू बांधलेले एक घर कोणी पाहिलेले नाही. वकील म्हणावे, तर अंगात काळा कोट नाही. तू भांडणे लावतोस की मिटवतोस?"

मंडळी हसली. मीही हसलो आणि लाडू तोंडात टाकून उत्तर टाळले. पण परत ठाण्याच्या गाडीत उभा असताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मावशीला तेव्हा दिले नाही ते उत्तर आज देतो. ते माझ्याच धंद्याच्या विरुद्ध जाणारे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

बांधकामाच्या कंत्राटातून उद्भवणारे दावे तयार करणे, दुसऱ्याने केलेले दावे तपासणे आणि ते लवादापुढे किंवा समेटाने निकालात काढण्यास मदत करणे, हा माझा व्यवसाय. पूल, नाले, रस्ते, पाण्याच्या टाक्या, इमारती यांची कामे चालू असतात तेव्हा मला कोणी बोलावत नाही. काम संपून, उद्घाटनाच्या फिती कापून, हारांचे निर्माल्य झाले की मग माझी आठवण होते. कपाटेच्या कपाटे भरून कागद येतात. त्यातून कोणी कोणाला केव्हा काय सांगितले, कोणाचा उशीर कोणामुळे झाला, हे तारीखवार मांडायचे आणि त्याची किंमत काढायची. ठाण्यापासून अंबरनाथपर्यंत जिकडे पाहावे तिकडे बांधकाम चालू आहे. तेव्हा आमच्या धंद्याला मरण नाही. आणि हीच मला आज लाजेची गोष्ट वाटते.

कारण तीस वर्षे हे कागद चाळून मी एका निष्कर्षाला आलो आहे. आपल्याकडचे बहुसंख्य दावे लबाडीतून जन्मत नाहीत. ते भित्रेपणातून जन्मतात, आणि त्या भित्रेपणाला आपण प्रामाणिकपणा असे नाव दिले आहे.

एक हकीकत सांगतो. कचेरीचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. कल्याणच्या बाजूला एका मोठ्या नाल्याचे काम निघाले. निविदेच्या नकाशात जमिनीखाली मुरूम दाखवला होता. खोदू लागल्यावर निघाला खाडीचा काळा गाळ. दिवसा खणावे आणि रात्री भरतीबरोबर दोन्ही कडा आत कोसळाव्यात. साइटवर आलेल्या साहेबांनी तो प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि सांगितले, "काम थांबवू नका. लोखंडी पत्रे ठोका, पंप लावा. जादा बाबीचा कागद मागाहून करू." कंत्राटदाराने पत्रे ठोकले, पंप लावले, रात्रपाळ्या केल्या. पावसाळ्यापूर्वी नाला पुरा झाला. त्या वर्षी वस्तीत पाणी शिरले नाही. येथवर सर्वांनी आपापले काम चोख केले होते.

मग जादा बाबीचे बिल गेले. कनिष्ठ अभियंत्याने शेरा मारला, "वरिष्ठांच्या अवलोकनार्थ सादर." उपअभियंत्याने लिहिले, "नियमानुसार कार्यवाही व्हावी." कार्यकारी अभियंत्यांनी लिहिले, "लेखा शाखेचे अभिप्राय घ्यावेत." लेखा शाखेने लिहिले, "पूर्वमान्यता दिसून येत नाही." वाचकहो, या चार शेऱ्यांपैकी एकातही 'होय' नाही आणि 'नाही'ही नाही. 'नाही' म्हणायलासुद्धा सही लागते, कारण लागते. फाइल नुसती फिरत राहिली. दरम्यान ते साहेब बदलून गेले. नवे साहेब आले, त्यांनी नाला पाहिला. गाळ तर आता काँक्रीटच्या खाली गेला होता. ते म्हणाले, "पण येथे गाळ होता कशावरून?"

प्रकरण लवादाकडे गेले. लवाद नेमण्यात काही काळ गेला, सुनावण्यांत काही वर्षे गेली, निवाड्याविरुद्धच्या अपिलात आणखी काही. एकूण आठ वर्षे झाली. घरखर्च चालवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला समजेल असे गणित आहे. शंभर रुपयांवर बारा टक्के सरळव्याजाने आठ वर्षांत शहाण्णव रुपये व्याज होते. त्यावर दोन्ही बाजूंचे वकील, लवादांची फी आणि अर्थात माझी फी. पहिल्या वर्षी शंभर रुपयांत मिटली असती ती गोष्ट दोनशेच्या वर जाऊन मिटली. हे वरचे शंभर कोणाचे? तुमचे आणि माझे. त्यात एका दिव्याचा खांब उभा राहिला नाही, एका शाळेचे छप्पर शाकारले गेले नाही. आणि ज्यांनी सही टाळली त्यांच्यापैकी एकाच्याही सेवापुस्तकात काळी रेघ उमटली नाही. त्यांच्याबद्दल सारे म्हणतात, "फार सरळ माणूस हो! कुठल्या भानगडीत म्हणून पडला नाही."

त्या प्रकरणात एक मुकादम होता. पंपांवरची आणि खोदाईची माणसे त्याने आणली होती. कंत्राटदाराने त्याला सांगितले, बिल निघाले की तुझे देतो. मुकादमाने माणसांना तेच सांगितले. माणसे किती दिवस थांबणार? त्याने पंप विकले, मग बायकोच्या पाटल्या विकल्या आणि माणसांची मजुरी भागवली. निवाडा हाती पडला तेव्हा मी त्याची सर्व पाने पुन्हा वाचली. त्यात मुकादमाचे नाव कोठेच नव्हते. असायचे कारणही नव्हते. तो करारातला पक्षकार नव्हता. कंत्राटदाराने पुढे त्याची मुद्दल दिली. व्याज फक्त वरच्या दोघांच्या हिशेबात होते.

ही गोष्ट आजकालची आहे असे समजू नका. आपल्या या भागात ती फार जुनी आहे. १८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत आली, १८५४ मध्ये कल्याणला पोचली आणि तेथून एक फाटा थळ घाटाकडे, एक बोरघाटाकडे निघाला. बोरघाटाचे कंत्राट फॅव्हियल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे होते. मुंबई-ठाणे मार्गाच्या कंत्राटातही त्याचा हात होता. घाटात हजारो माणसे डोंगर फोडत होती आणि त्यांच्यावर उपकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम, अशी उतरंड होती. मजुरी थकली. १८५९ च्या जानेवारीत मजुरांची दंगल उसळली. चौकशी झाली, आणि त्याच वर्षी फॅव्हियलने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल येथे पाऊल टाकल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट अंगावर घेतले, जाणत्या इंजिनियरांच्या हाती कारभार दिला आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली. आज पुण्याला जाताना आपण खंडाळ्याचा धबधबा पाहतो, तेव्हा त्या मजुरांची आठवण कोणाला होते?

पण मला सांगायचे ते पुढेच आहे. १८६० साली सरकारने एक कायदा केला. रेल्वे आणि इतर सार्वजनिक बांधकामे यांवरील मजूर व त्यांचे मालक यांच्यातील वाद लवकर निकालात काढण्यासाठी तो होता. परक्या सरकारला मजुरांचा कळवळा आला होता असे मी म्हणत नाही. त्याला आपली गाडी वेळेवर घाटावर न्यायची होती. पण एवढे त्याला कळले की थकलेला पैसा आणि लांबलेला निर्णय हे दोन्ही कामाचे शत्रू आहेत, आणि तंट्याचा निकाल काम चालू असतानाच लागला पाहिजे. दीडशेहून अधिक वर्षे लोटली. आपल्याला ते अजून कळायचे आहे.

आता कोणी म्हणेल, "तुम्ही कंत्राटदाराचे मीठ खाता, त्याची बाजू घेणारच. कंत्राटदार म्हणजे चोर. त्यांना सह्या वाटत सुटायचे की काय?"

मीठ मी दोन्ही बाजूंचे खाल्ले आहे. कंत्राटदारांत चोर आहेत, आणि ते कागदात कसे लपतात हे माझ्याइतके थोड्यांना माहीत असेल. न लावलेल्या पंपाचे भाडे, एकाच यंत्राचा दोन साइटवर एकाच दिवशी हिशेब, स्वतःच्या आळसाला पावसाचे नाव, हे सारे मी पाहिले आहे. म्हणूनच सांगतो, सही न करण्याने चोराचे काही बिघडत नाही. त्याने निविदा भरतानाच कचेरीतला उशीर, तिथला 'खर्च' आणि कोर्टाची वर्षे दरात धरलेली असतात. मरतो तो रास्त दर भरणारा. एकदा बुडाला की तो पुन्हा त्या दाराशी येत नाही. मग पुढच्या निविदेला उरतात कोण? आणि त्यांचा दर किती? सही टाळून आपण चोराला दूर ठेवतो असा ज्यांचा समज आहे, त्यांनी सज्जनाला हाकलून चोरासाठी पाट मांडला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अधिकारी म्हणतात, "आम्ही सही करायची आणि दहा वर्षांनी चौकशीला आम्हीच उभे राहायचे. लेखापरीक्षक विचारणार, जादा पैसे का दिलेत? न दिलेल्या पैशांबद्दल आजवर कोणी कोणाला विचारले आहे?" हे खरे आहे. माझे कित्येक स्नेही त्या खुर्च्यांवर बसले आहेत, आणि त्यांची रात्रीची झोप कशाने उडते ते मी जाणतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचे एक जुने कलम असे होते की, सार्वजनिक हित नसताना दुसऱ्याचा आर्थिक फायदा करून दिला एवढ्यावरही अधिकारी गुन्हेगार ठरू शके. त्याने स्वतः एक पैसा खाल्ला होता की नाही हा प्रश्न मागे पडे. पण २०१८ च्या दुरुस्तीत ते कलम निघून गेले. सबबीचा मोठा आधार गेला, सवय मात्र गेली नाही. सोवळ्याचे असेच असते. विहीर आटली तरी ओले नेसण्याचा हट्ट सुटत नाही.

सोवळे हा शब्द मी मुद्दाम वापरतो. जुन्या घरातील सोवळेकरी बाई चांगल्या असत, कष्टाळू असत. पण दारात तहानेला माणूस उभा राहिला तर त्याला पाणी देण्यापेक्षा आपला पदर त्याला लागणार नाही इकडे त्यांचे लक्ष असे. आपल्या कचेऱ्यांत आज तेच चालले आहे. फाइलला हात लागला तर विटाळ! फरक इतकाच की त्या बाईंचे सोवळे त्यांच्या घरापुरते होते, आणि या सोवळ्याचा खर्च साऱ्या गावावर पडतो.

गावावर काय पडते ते कल्याण-डोंबिवलीकरांना मी सांगायला नको. इंग्रजी अमदानीतला कल्याणचा पत्री पूल २०१८ च्या ऑगस्टमध्ये धोकादायक म्हणून बंद झाला, नोव्हेंबरात पाडला गेला आणि नवा पूल २५ जानेवारी २०२१ रोजी खुला झाला. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला तो सप्टेंबर २०२१ मध्ये उघडला. या दोन कामांत कोणाची चूक किती, हे मी सांगत नाही. मी ते कागद पाहिलेले नाहीत. रेल्वेमार्गावरचे काम म्हणजे गाड्या थांबवून मिळतील तेवढे तास. पत्री पुलाची पाऊणशे मीटरची तुळई हैदराबादेत घडवायची आणि कल्याणला आणायची. मध्येच महामारी. अशा कामात उशिराला अनेक बाप असतात. पण म्हणूनच, कोणत्या दिवशी काम कशाने अडले, याची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी आणि त्यावरचा निर्णय त्याच महिन्यात. नोंद नसली की दोन वर्षांनी जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि त्या बोटांच्या दिशा मोजायला माझ्यासारख्याला बोलावतात. पत्री पुलापाशी तासन् तास अडकलेल्या रुग्णवाहिकेला, परीक्षेला निघालेल्या पोराला, त्या मोजणीचा काय उपयोग?

कायद्याने काही केलेच नाही असे नाही. पंचांपुढे तंटा तोडणे हे तर आपल्या रक्तातले. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी केलेल्या १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनातही लवादाची सोय होती. पुढे १९४० चा कायदा आला. त्याखाली लवादाचा इतका खेळखंडोबा झाला की १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी, हे पाहून वकील हसत असतील आणि तत्त्वज्ञ रडत असतील अशा अर्थाचे उद्गार काढले. १९९६ मध्ये नवा कायदा झाला. २०१५ च्या दुरुस्तीने निवाड्याला मुदत घातली आणि ज्या खात्याशी भांडण त्याच खात्याचा नोकर पंच, ही चाल बंद केली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आणखी एक पाऊल टाकले. सरकारी कंपनीने स्वतःच पंचांची यादी करायची आणि दुसऱ्या पक्षाला 'यातूनच निवड' असे बजावायचे, हेही समतेच्या तत्त्वाला धरून नाही असा निर्णय दिला.

आणि सरकारने काय केले? जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने परिपत्रक काढले की सरकारी कंत्राटांत लवादाचे कलम सरसकट घालू नये. घालायचेच तर दहा कोटींच्या आतल्या वादांपुरते ठेवावे. कारण काय, तर लवाद महाग पडतो, लांबतो आणि निवाडे विरुद्ध जातात. निवाडे विरुद्ध का जातात, याचा शोध घ्यायचा सोडून पंचांनाच घरी बसवले. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे हे शहाणपण! त्याच्या आदल्याच वर्षी याच सरकारने तडजोडीची योजना आणली होती. लवादाचा निवाडा ज्याच्या बाजूने लागला आहे त्याने शंभराचे पासष्ट घ्यावेत, कोर्टाचा शिक्का बसला असेल तर पंच्याऐंशी, आणि वाद संपवावा. थकलेल्या माणसांनी ते घेतले, यात नवल नाही. पण न्याय मिळवलेल्या माणसाला न्यायाचे पस्तीस टक्के परत करायला सांगणारे राज्य त्याच्याकडून पुढच्या कामात रास्त दराची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?

सरकारला एवढे बोलल्यावर वाचकांना बरे वाटले असेल. पण थांबा. हा रोग आपल्या जिन्यावरही आहे.

माझ्या परिचयाच्या एका सोसायटीने इमारतीची दुरुस्ती काढली. बाहेरचे प्लास्टर आणि रंग एवढाच करार. परांची लागली होती, तेव्हा अध्यक्ष ठेकेदाराला म्हणाले, "आता चढलाच आहात तर गच्चीचे गळतीकामही उरकून टाका." त्याने उरकले. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरची बादली प्रथमच आत गेली. बिल आले तेव्हा सभेत एक सभासद उठले आणि करार दाखवून म्हणाले, "यात गच्ची कुठे आहे?" टाळ्या पडल्या! टाळ्या वाजवणारे शिक्षक होते, बँकेतले होते, देवळात चार आणे जास्त पडले तर परत न घेणारे होते. अध्यक्ष मान खाली घालून बसले. त्यांनी खिशातून पेन काढले असते तर पाच मिनिटांचे काम होते.

त्या सभेत मला विचारले, तेव्हा मी १८७२ च्या करार कायद्याचे सत्तरावे कलम वाचून दाखवले. दुसऱ्याने फुकट करण्याच्या हेतूने न केलेले काम आपण रीतसर स्वीकारले आणि त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. लेखी करार असो वा नसो. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून सरकारसाठी कोठारे बांधणाऱ्या बंगालमधल्या एका कंत्राटदाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा करार विधिवत नाही ही सरकारची सबब चालली नाही. १९६१ च्या डिसेंबरातला तो प्रमुख निकाल आपल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिला आहे. सभेने तो ऐकला, आणि तीन महिने विचार करून निम्मे पैसे मंजूर केले. निम्मे का, हे मला अजून समजलेले नाही.

माझ्या धंद्याचे पापही पदरात घेतो. सही मिळत नाही हे ठाऊक असल्यामुळे आम्ही दावे फुगवतो. "दहा मागा, म्हणजे चार मिळतील," हा सल्ला मी स्वतः दिला आहे. समोरचा ते ओळखून एकही द्यायचा नाही असे ठरवतो, आणि खऱ्या चाराचा निकाल खोट्या सहांमुळे लांबतो. गेली काही वर्षे मी ते सोडले आहे. गिऱ्हाइके कमी झाली. पण आता कागदावर सही करताना हात अडखळत नाही.

उपाय फार मोठे नाहीत. परदेशी कंत्राटांच्या प्रसिद्ध फिडिक नमुन्यात जुनीच सोय आहे. अडचण आली की कंत्राटदाराने अठ्ठावीस दिवसांत लेखी कळवायचे. वाद झालाच तर काम चालू असताना साइटवर येणारे मंडळ चौऱ्याऐंशी दिवसांत निर्णय देते. आपल्या नगरपालिकांना आणि प्राधिकरणांना हे अवघड नाही. साइटवरचा तोंडी हुकूम त्याच दिवशी वहीत लिहावा. जादा बाबीवर ठरलेल्या मुदतीत 'होय' किंवा 'नाही', कारणासह, लिहावे. मुदतीत निर्णय न घेणाऱ्याला, त्यामुळे भरावे लागलेल्या व्याजाबद्दल विचारावे. आणि कारणे देऊन प्रामाणिक निर्णय घेणाऱ्याच्या पाठीशी, तो निर्णय पुढे चुकीचा ठरला तरी, खात्याने उभे राहावे. एवढे झाले तर माझ्यासारख्यांपैकी निम्म्यांना दुसरा धंदा शोधावा लागेल. खुशाल लागो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नव्या वहीला हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर 'श्री' काढतो. का? वहीत जे लिहिले जाईल ते खरे असेल आणि वेळेवर लिहिले जाईल, अशी ती लक्ष्मीपुढे घेतलेली शपथ आहे. नुसती पूजा करून वही कोरी ठेवणाऱ्याच्या घरी लक्ष्मी राहत नाही, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. यंदा मावशीकडे फराळाला गेलो की तिला एवढेच सांगणार आहे : मावशी, ज्यांनी वेळेवर सही केली नाही, त्यांची भांडणे मी मिटवतो, आणि तुझ्या सोसायटीत कोणी काही काम तोंडी सांगितले असेल, तर चकली खाली ठेव आणि आधी त्याला ते लिहून द्यायला लाव.